घरातच तर बसलेली असते!

परवा एका मैत्रिणीकडे गेले होते. दोन खोल्यांचे घर. आतल्या खोलीचे दार लोटलेले आणि दारावर चिठ्ठी : 'अकरा ते एक हाक मारू नये.' मी दबकतच विचारले, "कुणी आजारी आहे का गं?"

"आजारी कसली! आमच्या बाईसाहेबांना फेलोशिप मिळालीय. घरातच तर बसलेली असते दिवसभर, पण चक्कीवरून दळण आण म्हटलं तर उठायची नाही."

भगिनींनो, हे वाक्य हल्ली बऱ्याच घरांतून कानावर येते. म्हणून आज त्याविषयीच लिहिते.

फेलोशिप म्हटले की आपल्याला बार्टीची, पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणारी फेलोशिप आठवते. ही तशी नव्हे. मैत्रिणीची मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बंगळूरच्या एका संस्थेने तिला सहा महिन्यांसाठी निवडले आहे. काम तंत्रज्ञानविषयक धोरणाच्या संशोधनाचे, आणि तेही घरी राहून. आठवड्यातून एकदा मार्गदर्शक बाई संगणकावर भेटतात. बाकीचे दिवस वाचन, टिपणे, लिखाण. महिन्याला थोडे मानधन मिळते.

"पण तंत्रज्ञानाचं धोरण म्हणजे गं काय?" आजीने नातीला विचारले होते. नात म्हणाली, "आजी, तुझा अंगठा."

आजीने उभा जन्म लोकांची धुणीभांडी केली. अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या. रेशन दुकानातल्या यंत्राला तिचा अंगठा ओळखू येत नाही. एकदा पुसून लाव, एकदा ओला करून लाव, शेवटी 'उद्या या'. तीन फेऱ्यांनंतर तांदूळ हाती पडतो.

आता पाहा. आधारचा कायदा २०१६ साली झाला. अंगठा जुळला नाही एवढ्यावरून कुणाचे धान्य नाकारू नये, असे केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना २०१७ सालीच लेखी कळवले आहे. मग आजीला फेऱ्या का? कागदावरचा नियम आणि दुकानातली वागणूक यांतले अंतर मोजायचे, ते का पडले ते शोधायचे आणि काय बदलावे ते पुराव्यानिशी लिहायचे. हेच या मुलीचे संशोधन. त्यासाठी ती परिपत्रके वाचते, वस्तीतल्या बायांना विचारते आणि माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज टाकते. कायद्याने तीस दिवसांत उत्तर यावे लागते.

अशा लिखाणाने काय होते, असे कुणी म्हणेल. २०१५ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, इंटरनेटविषयी एक लांबलचक इंग्रजी मसुदा काढून लोकांची मते मागवली. काही तरुण मंडळींनी तो वाचला, सोप्या भाषेत समजावून सांगितला, आणि दहा लाखांवर ई-मेल ट्रायकडे गेले. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला की, कंपन्यांना वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. फेसबुकसारख्या बलाढ्य कंपनीला आपली 'फ्री बेसिक्स' योजना भारतातून आवरती घ्यावी लागली. सुरुवात झाली ती कुणीतरी बसून वाचण्यापासून.

पूर्वी हे काम शिकायचे तर दिल्ली नाही तर बंगळूर गाठावे लागे. तिथले खोलीभाडे ज्याच्या बापाला परवडे, त्याचीच मुले ते शिकत. २०२० च्या करोनानंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि भाड्याची ती अडचण सरली. दिल्लीचे दार आपल्या मुलींसाठी किलकिले झाले. पण घरातलेच दार आपण उघडू दिले नाही, तर त्याचा उपयोग काय? मुलगा एमपीएससीला बसला की आपण टीव्ही बंद करतो, चहा टेबलावर नेऊन देतो. मुलगी संगणकापुढे बसली की ती 'रिकामी' दिसते. कचेरीत गेली असती तर आपण तिला अकरा वाजता दळणाला पाठवले असते का?

मुलींनाही दोन शब्द. होकार कळवण्यापूर्वी किती महिने, आठवड्याला किती तास, मानधन किती, इंटरनेटचा खर्च कोण देणार, छापल्या जाणाऱ्या लेखावर तुमचे नाव असेल का, हे सारे लेखी मागून घ्या. फेलोशिपसाठी तुमच्याकडूनच फी मागणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. वस्तीतल्या कुणाचे नाव वा आधार क्रमांक त्यांना विचारल्याशिवाय कागदावर उतरवू नका. लिहिलेले पान आठवड्यातून एकदा घरात मराठीत वाचून दाखवा. आपली मुलगी काय करते हे आईला कळले नाही, तर दोष एकट्या आईचा नाही.

एक वाजता दार उघडले. मुलीने अंगठ्यावर लिहिलेले पान आम्हाला वाचून दाखवले. आजी आपल्याच अंगठ्याकडे पाहत बसली. मैत्रीण काही बोलली नाही. मात्र मी निघाले तेव्हा दळणाचा डबा धाकट्या चिरंजीवांच्या खांद्यावर होता.

ज्या घरात अशी मुलगी आहे, त्या घराने एवढे तरी करावे.