आधी ब्रेक, मग इंजिन

हौसेला मोल नसते असे ज्याने प्रथम म्हटले, त्याला गॅरेजवाल्याचे बिल कधी आले नसावे. माझ्या भाच्याला स्वस्तातली जुनी मोटार घेऊन, तिच्यात दुसरे थोरले इंजिन बसवून ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची आहे. त्यासाठी त्याने पसंत केली पद्मिनी! का, तर म्हणे 'ती आपली आहे.' कुर्ल्यात घडलेल्या त्या गाडीची माया मलाही आहे. २०२३ साली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा मीही हळहळलो. पण तिच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. तिच्यात दुप्पट जोराचे इंजिन घालावयाचे, म्हणजे म्हाताऱ्याची काठी काढून घेऊन त्याला धावावयास लावणेच नव्हे काय?

आम्ही पळसदरीची माणसे. बोरघाट चढण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. सदतिसास एक असा तो चढ. तेथे जोर हवाच. पण त्याच घाटात, उतरती गाडी आवरेनाशी झाली तर तिला वळवून घेण्यासाठी रेल्वेने निराळे रूळही घालून ठेवले आहेत. आमच्या भाचेबुवांना मात्र चढ तेवढा दिसतो!

अहो, जे इंजिन काढूनच टाकावयाचे ते पाहून गाडी कसली घेता? पत्रा पाहा. आमच्याकडच्या पावसात उभी राहिलेली गाडी वरून चकाकते. आतली चटई उचलून तळाला स्क्रूड्रायव्हर टोचा. पुढच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे टोक जेथे बसते तेथेही टोचा. आरपार गेला, तर फुकट मिळाली तरी नमस्कार करून निघा.

माझे मत विचाराल तर बिनगंजाची साधी झेन घ्यावी. तिचे ९९३ सीसीचे इंजिन आणि एस्टीमचे १२९८ सीसीचे, दोन्ही एकाच घराण्यातली. वजन बेताचे, पुढे डिस्क ब्रेक. 'झेन तर शेजारच्या काकू चालवीत!' असे भाचा नाक मुरडून म्हणतो. चालवीत, म्हणूनच!

राहिला कायदा. मूळ रचनेत मनमानी फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. चेन्नईजवळचा ट्रॅक येथून हजार किलोमीटरांहून दूर. तेव्हा ट्रॉलीचे भाडेही हिशेबात धरणे आले. 'तोवर खोपोलीच्या रस्त्यावर ट्रायल घेऊ,' हे भाच्याचे उत्तर. त्या रस्त्याने सकाळी शाळेची पोरे चालत जातात. गाडी आली की ट्रॉलीचे पैसे जमेपर्यंत ती माझ्या अंगणात ठोकळ्यांवर राहील. चाके मी माळ्यावर ठेवणार आहे.