टेकडीला खड्डे नकोत, राखण हवी

जून महिना लागला, पहिला पाऊस पडून गेला, की पुण्याच्या टेकड्यांवर कुदळी-फावड्यांची एकच झुंबड उडते. शाळा, महाविद्यालये, बँका, कचेऱ्या, सर्वांनाच वृक्षारोपण करावयाचे असते. आमच्या शाळेची तुकडीही मी अनेक वर्षे वेताळ टेकडीवर नेत असे. एका वर्षी आम्ही सकाळभरात दोनशे रोपे लावली, छायाचित्र काढले, पुरीभाजी खाल्ली आणि घरी आलो. पुढच्या मे महिन्यात सहज म्हणून त्या उतारावर गेलो, तेव्हा जिवंत रोपे मोजायला दोन हातांची बोटे पुरली. पण मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. खड्डे खणताना आम्ही जे ‘नुसते गवत’ म्हणून उपटून फेकले होते, त्या जागी गाजरगवत माजले होते.

विद्यार्थी मित्रांनो, या ‘नुसत्या गवता’विषयीच मला आधी बोलावयाचे आहे. पुण्याच्या टेकड्या बेसॉल्ट खडकाच्या. वर मातीचा थर पुष्कळ ठिकाणी वीतभरच. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि नोव्हेंबरपासून जमीन सुकू लागते. अशा जागी कुसळी, पवन्या यांसारखी गवते, मधूनमधून सालई, मोई, पळस, मेढशिंगी, गणेरी अशी पानगळीची झाडे आणि जमिनीत कंद राखून उन्हाळा काढणाऱ्या लहान वनस्पती, असा संसार हजारो वर्षांत बसला आहे. चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटे करतो. टिटवी तर उघड्या मुरमावर, खड्यांतच अंडी घालते. तेथे दर दोन मीटरवर खड्डा खणला, की आपण ओसाड जागा हिरवी करीत नसतो, नांदते घर मोडीत असतो.

काही दशकांपूर्वी याच टेकड्यांवर गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची, मोठी लागवड झाली. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. भराभर वाढते, तोडले तरी फुटते. हेतू चांगला होता. पण आज त्या झाडीत शिरून खाली काय उगवते ते पाहा, आणि मग शेजारच्या गवताळ उतारावरील वनस्पती मोजा. दोन्हीकडे एकेक मीटरचा चौकोन दोरीने आखला तर नववीच्या मुलालाही फरक दिसतो. हा प्रयोग ऑगस्टमध्ये करावा.

माझे मत असे, की शहराजवळच्या राखीव जमिनीसाठी स्वयंसेवक हवेत ते लावणीसाठी नव्हे, राखणीसाठी. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पेरणीला चार दिवस लागतात, पण राखण कणसे घरी येईपर्यंत चालते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९५७ साली कायदा करून प्रत्येक नगराला स्वतःचे निसर्गसंरक्षण मंडळ नेमण्याची मुभा दिली. तेथील अनेक नगरांत अशा जमिनीच्या एकेका तुकड्याला स्वयंसेवक राखणदार असतात. ठरलेल्या वेळी फेरी मारणे, पायवाटेवर पडलेले झाड, टाकलेला कचरा, शेजाऱ्याने आत सरकवलेले कुंपण यांची नोंद करून मंडळाला कळवणे, हे त्यांचे मुख्य काम. छायाचित्रात शोभेल असे त्यात काहीच नाही! पण तोच माणूस त्याच तुकड्यावर वर्षानुवर्षे जातो, म्हणून काय बदलले ते त्याला दिसते.

आपल्याकडे हे जमेल का? जमेल, पण आधी जमीन कोणाची ते शोधावे लागेल. टेकडीचा काही भाग वनखात्याचा, काही महानगरपालिकेचा, काही खाजगी. मालकाची लेखी परवानगी घेतल्यावाचून रोपटेही उपटू नये. मग एकच छोटा उतार घ्यावा, साऱ्या टेकडीचा हव्यास नको. पहिले वर्षभर काहीही न करता फक्त पाहावे आणि लिहावे. मुलांना ही अट सर्वांत जड जाते. (शिक्षकांना त्याहून जड जाते, असा माझा अनुभव आहे.)

दुसऱ्या वर्षापासून हातांना काम मिळते. पावसाळ्याच्या अखेरीस टेकड्या पिवळ्या-नारिंगी फुलांनी भरतात आणि लोक हौसेने तेथे छायाचित्रे काढतात. तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा. बागांतून निसटला आणि आता गवताची जागा बळकावतो आहे. तो वर्षायू आहे, म्हणजे पुढच्या वर्षाची सारी भिस्त त्याच्या बियांवर. बी धरण्यापूर्वी, माती ओली असताना, मुळासकट उपटला तर त्याचे चक्र तुटते. बी पडल्यावर उपटणे म्हणजे बियाणे पेरीत फिरणे होय. शिवाय आधीचे बी मातीत असतेच, त्यामुळे एका मोहिमेने भागत नाही. त्याच जागी पुढच्या पावसाळ्यात आणि त्याच्याही पुढच्या पावसाळ्यात जावे लागते.

हिवाळ्यानंतर वणव्याचे भय. बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. वनखात्याचे लोक जाळरेषा काढतात, तेव्हा मोठ्या माणसांनी त्यांच्या हाताखाली काम करावे. मुलांनी आगीजवळ जाऊ नये. धूर दिसताच कोणाला फोन करावयाचा, तो क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला असावा.

वहीचा आग्रह मी उगीच धरीत नाही. २०२३ साली वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या योजनेविरुद्ध पुण्यातील नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. अशा वेळी ‘टेकडी आमची फुप्फुसे आहे’ ही घोषणा ठीक आहे, पण या उतारावर कोणत्या वनस्पती आहेत, कोणता पक्षी कोणत्या महिन्यात घरटे करतो, असे कोणी विचारले तर उत्तर घोषणेत मिळत नाही. ते दहा वर्षांच्या वहीत मिळते.

परीक्षा, पालकांची काळजी, सापांची भीती या अडचणी खऱ्या आहेत. महिन्यातून एक रविवार, पायांत बूट, बरोबर दोन शिक्षक, एवढ्यावर आम्ही चालवतो. दहावीची मुले जाताना वही नववीच्या हाती देतात. तिच्यातील पहिली नोंद सात ओळींची आहे, आणि तीत तीन झाडांची नावे चुकली आहेत. मागाहून कोणीतरी बरोबर नावे वर लिहिली, पण खालची चुकलेली अजून वाचता येतात.