पाळण्यातले कान

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि तिला मान देऊन माझ्या लेकीचे पाय पाहून गेलेली मंडळी पुष्कळ. तिच्या कानांकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही. आज ती पाच महिन्यांची आहे. पालथे पडावे, आणि पुन्हा उताणे होता येत नाही म्हणून रडावे, एवढीच तिच्या हातापायांची मजल. कानांनी मात्र तिने केवढे काम उरकले आहे, हे रात्रीच्या जागरणांत थोडेफार वाचू लागले तेव्हा मला कळले. तेच आज वाचक भगिनींना सांगावयाचे आहे.

आमचे घर निपाणीकडचे. मी मराठी बोलते. सासूबाईंचे माहेर खानापूर भागातले. त्यांच्या तोंडी कोंकणी. शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, आणि माझी रजा संपून मी शाळेत जाऊ लागले की दिवसाचे सहा तास लेक त्यांच्याच मांडीवर असणार आहे. बाप्तिस्म्याच्या जेवणाला जमलेल्या वडीलधाऱ्यांनी म्हणूनच मला बजावले, "एकच भाषा धर पोरी. तीन-तीन भाषा कानी पडल्या तर मूल गोंधळेल, उशिरा बोलेल."

आपल्या भागात हा प्रश्न केवळ बाळंतिणीच्या खोलीत राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. ज्यांनी हे सारे भोगले त्यांच्या घरी 'बाळाशी कोणत्या भाषेत बोलावे' या साध्या विचारण्याखालीही एक भीती असते, की आपली भाषा आपल्या अंगणातून जाईल. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ती माझ्याही मनात आहे. परंतु तिचे ओझे तान्ह्याच्या कानांवर टाकावे काय?

मूल जन्मण्याआधीच ऐकू लागते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत असतो. १९८० साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतील अर्भकांच्या तोंडी एक चोखणी दिली. चोखण्याच्या गतीवर आईचा आवाज ऐकू यावा की परक्या स्त्रीचा, हे ठरत असे. आईचा आवाज मिळावा म्हणून अर्भकांनी आपले चोखणे बदलले! २००९ साली तर जर्मनीतील संशोधकांनी तीन ते पाच दिवसांच्या मुलांची रडणी तपासली. फ्रेंच मातांच्या मुलांचे रडणे चढत जाणारे निघाले, जर्मन मातांच्या मुलांचे उतरत जाणारे. म्हणजे मूल रडते तेही आईच्या बोलण्याच्या चालीवर. माझ्या लेकीचे मध्यरात्रीचे रडणे मराठी वळणाचे आहे असे मी घरात सांगितले, तर सासूबाई म्हणाल्या, कोंकणीच असले पाहिजे, इतके लांबविते ती.

याहून नवल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास कॅनडात दिसले. आपला 'त' आणि 'ट' इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसाला वेगळे ऐकू येत नाहीत. त्याला दोन्ही एकच. परंतु इंग्रज घरातील सहा-आठ महिन्यांची मुले हिंदीतले हे दोन उच्चार चोख वेगळे ओळखीत होती, आणि वर्षाची होईतो तीच मुले ते विसरू लागत. जे कानी पडत नाही ते कान सोडून देतात. माझ्या लेकीला आज जगातील बहुतेक भाषांचे उच्चार निवडता येत असतील, आणि मी बसले आहे तिला 'चार' आणि 'चारा' यांतले दोन निराळे 'च' ऐकवीत! कन्नडमध्ये हा भेद नाही; तो तिला माझ्याकडूनच मिळावयाचा. 'ळ' मात्र अक्काही देतील आणि मीही देईन; त्यावर दोन्ही भाषांचा हक्क सारखा.

मग गोंधळाचे काय? २०१० साली कॅनडातच गरोदरपणी दोन भाषा बोलणाऱ्या मातांच्या नवजात मुलांची परीक्षा घेण्यात आली. ती मुले दोन्ही भाषांकडे सारखीच ओढली जात, आणि तरीही एक भाषा दुसरीहून वेगळी ओळखत. पुढे मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द घालते, त्याला आपण गोंधळ म्हणतो. निपाणीच्या बाजारात उभे राहून ऐकावे. तेथे मोठी माणसे दुसरे काय करतात? आणि ज्यांना हे बाळपणी लाभले नाही त्यांनाही वाट बंद नसते. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात येऊन प्रौढ वयात मराठी शिकले, आणि १६१६ साली त्यांचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. त्यांचा 'ट' कसा होता, हे विचारावयास आज कोणी उरलेले नाही.

तेव्हा अक्कांना मी मराठी बोलावयास सांगणार नाही. मोडक्या मराठीपेक्षा त्यांचे भरघोस कन्नड लेकीला अधिक पोसेल. मराठी या घरातून जाईल तर मी सकाळ-संध्याकाळ गप्प राहिले म्हणून जाईल. माझी खरी काळजी निराळीच आहे. २००३ साली अमेरिकेत नऊ महिन्यांच्या मुलांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकविली. समोर बसून खेळविणाऱ्या बाईकडून मुलांनी तिचे उच्चार उचलले. तीच बाई पडद्यावर दाखविली तर काहीही उचलले नाही. मोबाईल मांडीवर ठेवून निवांत झालेल्या आयांना मला हे सांगावेसे वाटते, आणि दमलेल्या संध्याकाळी स्वतःलाही. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायका पाहा. सूप मांडीवर, हात पानांत गुंतलेले. पण तोंड मोकळे, आणि पलीकडे झोळीतले मूल सारे ऐकत असते. (झोळी तंबाखूच्या धुळीपासून लांब बांधावी, एवढे मात्र त्यांना विनवून सांगते. ती धूळ तान्ह्याच्या छातीला बाधते.)

सहाव्या आठवड्याच्या लसीला गेले तेव्हा हाती तायी कार्ड होते. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. मी मात्र पहिल्या दिवसापासून ते ताई असेच वाचीत आले आहे. लस टोचणाऱ्या बाई लेकीशी कन्नडमध्ये काही गोड बोलल्या, आणि सुई बसण्यापूर्वी ती त्यांच्याकडे पाहून हसली. नंतर काय झाले ते सांगावयास नको.

पहिला शब्द कोणता निघतो, याविषयी घरात पैजा लागल्या आहेत. माझे मत 'आई', अक्कांचे 'अव्वा'. दीर म्हणतात 'अप्पा'. तो दोन्हीकडे चालतो.