सीमा बंद, नोंदवही कोरी

विशेष प्रतिनिधी, सडक अर्जुनी

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीच्या नावातच रस्ता आहे. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग या तालुक्यातून कोहमारामार्गे देवरीकडे व पुढे छत्तीसगडच्या राजनांदगाव जिल्ह्यात जातो. एरवी या मार्गावरील राज्याची सीमा ट्रकचालकांखेरीज फारशी कुणाच्या लक्षातही येत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात मात्र मजुरांसाठी तिला परदेशाच्या सीमेचे रूप आले. ती ओलांडण्यासाठी परवाना, आरोग्य तपासणी आणि पलीकडच्या राज्याची संमती आवश्यक ठरली.

२४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. २९ मार्च रोजी केंद्राने राज्यांच्या व जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्याचे आदेश दिले. अडकलेल्या मजुरांना परराज्यात जाण्याची मुभा मिळाली ती थेट २९ एप्रिलला, तर श्रमिक विशेष रेल्वेगाड्या १ मेपासून धावू लागल्या. मधल्या पाच आठवड्यांत काम बंद, मजुरी बंद आणि खोलीचे भाडे मात्र चालू, अशी असंख्य मजुरांची कोंडी झाली. महाराष्ट्रातील शहरांतून पूर्वेकडील राज्यांत परतणाऱ्यांनी अखेर महामार्गाचीच वाट धरली. कुणी पायी, कुणी सायकलने, कुणी मिळेल त्या ट्रकमधून.

परदेशात अडकलेल्या भारतीयांसाठीची 'वंदे भारत' मोहीम ७ मे २०२० रोजी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी पहाटे, तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. परदेशातील नागरिकांना विमान मिळाले, याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. त्यांनी तिकिटाचे पैसे मोजले होते आणि दूतावासात नावही नोंदवले होते. या मजुरांना मात्र पायीच निघावे लागले.

वास्तविक आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९ पासून अस्तित्वात होता. पाच वा अधिक परप्रांतीय मजूर आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, मजुरांची नोंद ठेवावी, जाण्यायेण्याचा भत्ता द्यावा, असे त्यात नमूद होते. तो पाळला गेला असता, तर प्रशासनाकडे मजुरांच्या याद्या तयार असत्या. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने संसदेत सुमारे १ कोटी ४ लाख मजूर परतल्याचे सांगितले. वाटेत किती दगावले, याची आकडेवारी मात्र नव्हती.

त्यानंतर काही पावले पडली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना सर्व राज्यांत लागू करण्यास सांगितले. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. स्वतःहून परराज्यात गेलेला मजूरही आता स्थलांतरित ठरतो, ही जमेची बाजू. मात्र पाच मजुरांची मर्यादा दहावर गेल्याने लहान ठेकेदारांच्या टोळ्या कक्षेबाहेर राहतात.

पूर्व विदर्भातील मजूरही मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. त्यामुळे हा प्रश्न केवळ वाटसरूंचा नाही. ई-श्रमवर नाव मजुराने स्वतः नोंदवायचे असते. तो आज कोणत्या गावी, कुणाकडे कामावर आहे, हे कामाच्या ठिकाणची नोंदवही अद्ययावत असेल तरच कळेल. सीमा एका आदेशाने बंद करता येतात. अशी नोंदवही मात्र संकट येण्यापूर्वीच भरावी लागते.