विश्लेषण : हा तारकागुच्छ, की दीर्घिकेची उरलेली कोय?

मे महिन्यात, वैशाखातली धूळ बसलेली असेल तर, रात्री दहाच्या सुमारास अमरावती-अकोल्याहून दक्षिणेकडे पाहा. हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा. तेवढ्या उंचीवर, नरतुरंग तारकासमूहात एक धूसर ठिपका दिसेल : ओमेगा सेंटॉरी. अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे, तारे सुमारे एक कोटी.

नोंद तारकागुच्छ म्हणून. पण गुच्छातले तारे साधारण एकाच वयाचे असतात. इथे अनेक पिढ्या नांदतात. म्हणूनच आकाशगंगेने गिळलेल्या बटू दीर्घिकेचा हा गाभा असावा, असे अनेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. गर गेला, कोय उरली.

दीर्घिकांच्या समूहांत अशी ओढाताण नित्याची. कन्या समूहातील ‘एम६०-यूसीडी१’ या चिमुकल्या दीर्घिकेत २०१४मध्ये अनिल सेठ यांच्या पथकाला २.१ कोटी सूर्यांएवढे कृष्णविवर सापडले. तिच्या एकूण वस्तुमानाच्या सुमारे १५ टक्के! साध्या गुच्छात हे शोभत नाही. शेजारच्या महाकाय दीर्घिकेने बाहेरचे तारे ओरबाडले, हेच स्पष्टीकरण पटते. २०२३मध्ये त्याच समूहात अशा अर्धवट सोललेल्या शंभराहून अधिक दीर्घिकांची नोंद झाली. अर्थात, काही घन ठिपके मोठे गुच्छच असतील.

ओमेगा सेंटॉरी पाहायला दुर्बीण लागत नाही, अंधार लागतो. क्षितिजालगतचे आकाश शहरी उजेडात आधी बुडते. अमरावती आणि अकोला महापालिकांनी नवे एलईडी पथदिवे तरी झाकणदार, खाली तोंड केलेले बसवावेत.