आधी होडी ओळखा

परंड्याजवळचा सीना-कोळेगाव असो की माकणीचा निम्न तेरणा, जलाशयातल्या मासेमारीच्या होडीवर गळाच्या काठीचा आधार बसवताना गम किती महाग यापेक्षा होडी कशाची, हे आधी पाहावे. फायबर घासून, पुसून घेतले की इपॉक्सी घट्ट धरते. पॉलिथिनच्या कयाकवर मात्र तीच इपॉक्सी पापुद्र्यासारखी सुटते, कारण त्या मेणचट पृष्ठभागावर ती नीट पसरतच नाही. तिथे भार नट-बोल्टनेच पेलावा, सीलंटने फक्त भोक बुजवावे. भोकातून पाणी शिरेल ही शंका रास्त आहे. पण पाण्याच्या पातळीच्या वर पाडलेले, रुंद वॉशर आणि ब्युटाइल पट्टीने आवळलेले भोक सहसा गळत नाही. शिवाय मराठवाड्याच्या उन्हात प्लास्टिक फुगते, रात्री आकसते. कडक गम तिथे तडकतो. म्हणून सीलंट निवडताना ताकदीआधी लवचिकपणा पाहावा.