वळिवड्याची शाळा आणि बिद्रीचा हंगाम

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आलेली पोलिश मुले हिटलरच्या छळछावण्यांतून सुटून आली, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. हिटलरच्या छावण्यांतल्या मुलांची गोष्ट वेगळी. ऑश्विट्झला नेलेल्या बहुतेक ज्यू मुलांना पोहोचताच विषारी वायूच्या कोठड्यांत मारले गेले. अ‍ॅन फ्रँक १९४५ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, बर्गन-बेल्सनच्या छावणीत मरण पावली. वळिवड्याच्या मुलांना देशोधडीला लावले ते स्टालिनने. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेली गेली. तिथे थंडी, उपासमार आणि साथींनी घरेच्या घरे मोडली. हिटलरने रशियावर चाल केल्यावर १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यांतले अनेकजण पुढच्या वर्षी इराणला पोहोचले आणि १९४३ पासून काही कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याच्या छावणीत आले. १९४८ पर्यंत चाललेल्या या छावणीत सुमारे ५ हजार माणसे होती, बहुतेक बायका आणि मुले.

वळिवड्याचे मोठेपण आपण निवाऱ्यापुरते मानतो, पण मला ते तिथल्या शाळेत दिसते. तेरा-चौदा वर्षांच्या पोराची दोन-तीन वर्षे लाकडे तोडण्यात आणि भाकरीच्या शोधात गेली, तर पोट भरल्यावरही त्याचे नुकसान भरून येत नाही. छावणीने हे ओळखले होते. तिथे प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंत पोलिश भाषेतले शिक्षण होते, बालवीर पथके होती, नाटके होती. जामनगरजवळच्या बालाचडीची छावणी बंद झाल्यावर १९४६ मध्ये तिथली मुलेही इथेच आली. परत कुठे जायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते, तरी शाळा भरत राहिली.

हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीसारख्या साखरपट्ट्यात आठवायला हवे. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडासह येतात, आणि वर्गात बसायच्या महिन्यांत मोठी मुले फडात मोळ्या बांधतात किंवा खोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात. कुणी म्हणेल, कुठे सायबेरिया आणि कुठे ऊसतोड! दुःखाची बरोबरी मी करत नाही, करणे योग्यही नाही. बरोबरी आहे ती फक्त वयाची आणि बुडालेल्या वर्षांची. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: त्या मुलांमागे लंडनमधले परागंदा पोलिश सरकार आणि त्याचा पैसा होता. खरे आहे. पण त्या सरकारच्या ताब्यात स्वतःचा देशही उरला नव्हता. आपल्याकडे राज्य आहे, जिल्हा परिषदा आहेत, सहकारी कारखाने आहेत. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहांची कल्पनाही आपलीच. उणीव आहे ती सातत्याची; शिवाय २००९ चा शिक्षण हक्क कायदा वयाची मर्यादा सहा ते चौदा ठेवतो. पंधराव्या वर्षी मूल त्या कायद्याबाहेर जाते आणि त्याच्या हातात कोयता येतो. कारखान्याला गाळप परवाना देतानाच त्या हंगामातल्या टोळ्यांतली अठरा वर्षांखालची मुले मोजावीत, आणि त्यांच्या दहावीपर्यंतच्या वर्गांची सोय पहिली मोळी पडण्याआधी दाखवायला लावावी.